कुत्र्या-मांजरांचा लिव्हरचा त्रास आणि झाडपाल्याची औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘एसजीपीटी’पुढे (लिव्हरच्या पेशींतून रक्तात सांडणारं एन्झाइम) वर जाणारा बाण दिसला, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "लिव्हरचं ना? मग भुईआवळी द्या." कुत्र्या-मांजरांवर उपचार करताना हे प्रश्न मला रोज विचारले जातात. दवाखान्यात विचारतात, रात्री अकराला फोनवर विचारतात, भाजी घेताना रस्त्यातही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

माणसाची कावीळ झाडपाल्याने बरी होते, मग कुत्र्याची का नाही?

सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीमुळे होतं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे माणसांना होणारी कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येते. हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होणारी ही कावीळ बहुसंख्य लोकांत काही आठवड्यांत आपली आपण उतरते. तेवढ्या काळात कोणी गावच्या औषधवाल्याकडून सकाळी उपाशीपोटी रस घेतो, कोणाच्या गळ्यात मुळ्यांची माळ असते, कोणाचे हात चुन्याच्या पाण्यात धुऊन ‘पिवळं उतरलं’ म्हणून दाखवतात. डोळे पांढरे झाले की श्रेय माळेला मिळतं. शरीराने जे काम केलं, ते बाजूलाच राहतं.

कुत्र्याची कावीळ त्या जातीची नसते. आमच्याकडे पिवळा पडून आलेल्या कुत्र्यात बहुधा लेप्टोस्पायरोसिस (लघवीतून पसरणारा जंतुसंसर्ग, थोडक्यात लेप्टो) निघतो, गोचीडतापाचे बबेसिया किंवा एर्लिकिया हे जंतू निघतात, पित्ताची नळी अडलेली असते, काहीतरी विषारी पोटात गेलेलं असतं किंवा गाठ असते. यातलं काहीही वाट पाहून बरं होत नाही. लेप्टोला योग्य अँटिबायोटिक लागतं आणि ते लवकर लागतं, कारण तो लिव्हरबरोबर किडनीही धरतो. शिवाय तो कुत्र्याच्या लघवीतून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात पाणी तुंबतं, उंदरांची लघवी त्यात मिसळते आणि त्याच पाण्यातून आपला कुत्रा फिरून येतो.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एक काकू मोतीला घेऊन आल्या होत्या. सोबत स्टीलचा छोटा डबा. त्यात भुईआवळीचा हिरवागार गोळा, वस्त्रगाळ केलेला, वर ओलं फडकं. कंपाउंडच्या कडेची रोपटी त्या पहाटे स्वतः उपटायच्या, पाच पाण्यांतून धुवायच्या आणि पाट्यावर वाटायच्या. चार दिवस त्यांनी हे मनापासून केलं होतं. मोतीला खिडकीपाशी नेऊन मी त्याच्या कानाची पाळी उलटली, तर आतली कातडी हळदीत बुडवलेल्या कापडासारखी. निदान लेप्टोचं झालं. मोती वाचला, पण त्याच्या किडनीचं नुकसान पुरतं भरून आलं नाही. भुईआवळीने त्याला काही केलं नव्हतं. गेले ते चार दिवस. लेप्टोची लस दरवर्षी मिळते, ती चुकवू नका.

कावीळ घरच्या घरी कशी ओळखायची?

दिवसाउजेडी बघायचं, ट्यूबलाइटच्या प्रकाशात फसायला होतं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, डोळ्याची वरची पापणी ओढून पांढरा भाग बघा, कानाची पाळी आतून बघा. हिरड्या काळ्या असतील तर कान आणि पोटाची केस नसलेली कातडी बघा. लघवी कडक चहासारखी गडद होते. पित्ताची नळी अडली असेल तर शी राखाडी, मातकट दिसते.

पिवळेपणा नसला तरी लिव्हर बिघडलेलं असू शकतं. सारखी उलटी, खाण्यावरून मन उडणं, पोटात पाणी भरून पोट डेऱ्यासारखं होणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, एकाच दिशेने गोल फिरणं, हिरड्यांतून रक्त येणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी घरात कोणतंही काढ्याचं भांडं चढवू नका.

आकडे वाढलेत, पण कुत्रा मजेत आहे. काहीतरी ‘लिव्हर टॉनिक’ सुरू करू का?

आधी आकडा का वाढला ते बघू. कुत्र्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज हे रिपोर्टमधलं दुसरं एन्झाइम स्टेरॉइडमुळेही वाढतं. खाजेसाठी घेतलेलं इंजेक्शन किंवा स्टेरॉइड असलेले कानाचे थेंबही त्याला पुरतात. वाढत्या वयाच्या पिल्लात ते हाडांमुळे वाढतं. फिट्सवरच्या फेनोबार्बिटोननेही वाढतं. अशा कुत्र्याला टॉनिक पाजून आकड्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

मांजराचं मात्र उलट आहे. कुत्र्याच्या रक्तातलं हे एन्झाइम निम्मं व्हायला सुमारे तीन दिवस लागतात, मांजरात ते काही तासांतच निम्मं होतं. म्हणून मांजराच्या रिपोर्टमध्ये ते थोडंसं वाढलेलं दिसलं तरी मी गंभीरपणे घेते.

मग झाडपाल्यातलं खरोखर उपयोगी काय आहे?

सिलिमारिन. मिल्क थिसल नावाच्या काटेरी, जांभळ्या फुलांच्या झाडाच्या बियांपासून ते काढतात. त्यातला मुख्य घटक सिलिबिन. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगात, विषारी अळंबीच्या विषापासून सिलिबिनने लिव्हर वाचवल्याचं दिसलं होतं. कॅन्सरसाठी लोमुस्टिन घेणाऱ्या ५० कुत्र्यांच्या २०११च्या अभ्यासात, सिलिबिन आणि एस-अॅडेनोसिल-मेथिओनिन हे दोन्ही मिळालेल्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांची लिव्हरची एन्झाइम्स वाढली, नुसतं लोमुस्टिन मिळालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं. म्हणजे फायदा आहे, पण कवच म्हणावं इतका नाही. मी सिलिमारिन देते ते मुख्य उपचाराच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

सिलिमारिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही. लेसिथिनमधल्या फॉस्फॅटिडिलकोलिनबरोबर बांधलेलं असेल तर जास्त चांगलं शोषलं जातं. बाटलीवर नुसतं ‘मिल्क थिसल’ लिहिलं असेल, तर आत सिलिमारिन किती आहे हे कळत नाही.

एस-अॅडेनोसिल-मेथिओनिन हे झाडपाल्याचं औषध नव्हे. ते शरीरात तयार होणारंच द्रव्य आहे, पण बहुतेक वेळा सिलिमारिनसोबत येतं. ते रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर तरी आधी द्यायचं. गोळी फोडायची नाही, कारण तिच्यावरचं आवरण तुटलं की औषध वाया जातं. चपातीत चुरून दिलेल्या महागड्या गोळ्या मी खूप बघितल्या आहेत.

घरात लिव्ह-५२ आहे, ती देऊ का?

हे औषध १९५५पासून बाजारात आहे आणि बहुतेक मराठी घरांना ओळखीचं आहे. हिंस्रा, कासनी, काकमाची, अर्जुन, कासमर्द अशा वनस्पती आणि मंडूर भस्म हे त्यातले घटक. मंडूर भस्म म्हणजे लोह. प्राण्यांसाठीचं वेगळं लिक्विडही मिळतं.

कुत्रा खातोपितो आहे, निदान झालेलं आहे आणि मूळ आजारावर औषध चालू आहे, अशा वेळी मालकांनी विचारलं तर मी नाही म्हणत नाही. पण ते देतोय म्हणून तपासणी पुढे ढकलली, तर मी हात जोडून थांबवते. माणसांच्या गोळ्या अंदाजाने मोडून देऊ नका, पाच किलोच्या पॉमेरियनला पंच्याहत्तर किलोच्या माणसाचं मोजमाप लागू होत नाही.

आरोग्यवर्धिनी वटी, कुमार्यासव, रोहितकारिष्ट?

नको. लिव्हरचा आजार असलेल्या प्राण्याला तर अजिबात नको.

आरोग्यवर्धिनीत कुटकी, त्रिफळा, कडुनिंब असतो हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्यात पारा, गंधक, लोह भस्म, अभ्रक भस्म आणि ताम्र भस्मही असतं, हे फारसं कोणी वाचत नाही. ताम्र म्हणजे तांबं. लॅब्राडोर, डॉबरमन, डाल्मेशियन, बेडलिंग्टन टेरियर या जातींत लिव्हरमध्ये तांबं साठत जाण्याचा आजार असतो, आणि आपल्याकडे घरोघरी लॅब्राडोरच आहेत. ज्याचं लिव्हर तांब्यानेच जळतंय, त्याला वरून तांबंच द्यायचं, हे झालं.

आसव आणि अरिष्ट आंबवून तयार होतात. त्यांत आपोआप तयार झालेला अल्कोहोल साधारण पाच ते दहा टक्के असतो. लहान कुत्र्याला दोन चमचे कुमार्यासव म्हणजे काय, हे यावरून लक्षात येईल.

कुठली बाटली घेतो यालाही महत्त्व आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. उत्पादन परवाना, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि घटकांची पूर्ण यादी बाटलीवर नसेल, तर ती बाटली घरात आणू नका.

आम्ही तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितो, तेच त्यालाही देतो. चालेल?

लिव्हरचा त्रास असलेल्या कुत्र्याला देऊ नका. त्याचं पाणी स्टीलच्या वाटीत ठेवा. तांबं साठण्याचा संशय असेल तर मटणाची कलेजीही बंद, कारण कलेजीत तांबं भरपूर असतं.

हळद तर निरुपद्रवी आहे ना?

जेवणात चिमूटभर, हो. कॅप्सूलमधला अर्क ही वेगळी गोष्ट आहे. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्यात मिरीतलं पायपेरिन घालतात. हे पायपेरिन लिव्हरमधली औषधं पचवणारी एन्झाइम्स मंदावतं. त्यामुळे कुत्र्याला चालू असलेलं दुसरं औषध अंगात जास्त वेळ राहतं. माणसांत हळदीच्या अशा कॅप्सूलनीच लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हळद पित्त वाढवते, म्हणून पित्ताची नळी किंवा पित्ताशय अडलं असेल तर ती नकोच. सोनोग्राफी झाल्याशिवाय ते कळत नाही.

ग्रीन टीच्या अर्काबद्दलही असंच सांगेन. बीगल कुत्र्यांना तो उपाशीपोटी दिल्यावर विषबाधा जास्त तीव्र झाल्याचं दिसलं आहे. ‘वजन कमी करणारं’ म्हणून जे विकलं जातं त्यात तो असतो.

गुळवेल?

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. दिसायला सारखी असणारी दुसरी वेल वापरात येते, हाही या वादातला एक मुद्दा होता. गुळवेल रोगप्रतिकारशक्तीला चाळवते. कुत्र्यांच्या दीर्घकालीन हिपॅटायटिसमध्ये बऱ्याचदा ही शक्तीच लिव्हरवर उलटलेली असते आणि ती दाबायला आम्ही स्टेरॉइड देतो. एकाच वेळी दोन्हीकडून ओढण्यात प्राण्याचे हाल होतात. अश्वगंधेनेही माणसांत लिव्हरला इजा झालेली आहे, तिलाही मी हेच उत्तर देते.

काळ्या मनुका, उसाचा रस, ताक?

मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला विष आहेत, किडनी बंद पडू शकते. काविळीत ‘थंड’ म्हणून रात्री भिजवलेल्या मनुका देऊ नका. उसाचा रस म्हणजे नुसती साखर, उपयोग काही नाही. पातळ, बिनमिठाचं ताक सोसत असेल तर चमचा-दोन चमचे चालेल. गोचीड जावेत म्हणून लसूण चारतात, तोही बंद करा. लसूण-कांद्याने तांबड्या पेशी फुटतात, त्यानेही अंग पिवळं पडतं आणि मग लिव्हरचा आजार कोणता हे शोधताना आमची दिशाभूल होते.

मांजराला कुत्र्याचंच औषध कमी प्रमाणात दिलं तर?

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. अनेक द्रव्यं शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी लिव्हरची एक प्रक्रिया मांजरात जन्मतःच कमजोर असते. क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. निलगिरी, टी ट्री, लवंग, पुदिना यांची सुवासिक तेलंही तिला झेपत नाहीत. ती नुसती अंगाला लागली तरी मांजर चाटून पोटात घेते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जाड मांजराने खाणं सोडलं की अंगातली चरबी वेगाने लिव्हरमध्ये साठते आणि लिव्हर त्याखाली दबून जातं. इथे खरा उपचार म्हणजे अन्न. गरज पडली तर नळीने, पण रोज, पुरेसं. तशी काळजी घेतली तर अशी पुष्कळ मांजरं उभी राहतात. आता अशा मांजराला कुटकीचा कडू अर्क सिरिंजने पाजला तर काय होतं? तोंडाला फेस, दोरीसारखी लाळ, पलंगाखाली पळ. त्यानंतर वाटीचा आवाज आला तरी ती येत नाही, कारण तिच्या डोक्यात जेवण आणि ती कडू सिरिंज एक झालेली असते. भलं करण्याच्या नादात आपण तिचं उरलंसुरलं खाणंही बंद करतो. मांजर दोन दिवस जेवली नाही तर तिसरा दिवस उजाडायची वाट बघू नका.

पथ्य म्हणून मटण-अंडी बंद करून दहीभातावर ठेवू का?

नाही. लिव्हरला स्वतःची डागडुजी करायला प्रथिनं लागतात. प्रथिनं कमी करायची ती मेंदूवर परिणाम दिसायला लागला तरच, आणि तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने. मांजराला तर दहीभातावर कधीच ठेवू नका. तेल-तूप कमी करा, मसाला-मीठ नको, आणि दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान द्या. भूक नसलेल्या प्राण्याला उकडलेलं अंडं कोमट करून दिलं की बऱ्याचदा तो वास घेत जवळ येतो.

कारण घरातच असू शकतं का?

असू शकतं, आणि पुष्कळदा ते शोधणं हाच निम्मा उपचार असतो. बुरसटलेले शेंगदाणे, ओल लागलेल्या मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या ‘कुत्र्याला चालतात’ म्हणून घातल्या जातात. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं. ते भाजून-शिजवून जात नाही आणि थेट लिव्हरवर बसतं. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत याच विषामुळे तयार डॉगफूड बाजारातून परत घ्यावं लागलं आणि शंभराहून जास्त कुत्री दगावल्याची नोंद तिथल्या औषध प्रशासनाकडे झाली. जे पीठ आपल्याला नको, ते त्यालाही नको.

सोसायटीच्या बागेत शोभेला लावलेला सायकस बघा, त्याची बी सर्वांत घातक. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम पर्समध्ये असेल तर पर्स उंच ठेवा. आणि कोणी म्हणालं की झाडपाला कधी बाधत नाही, तर मेंढपाळांना विचारा. घाणेरी खाल्लेल्या जनावराचं लिव्हर कसं बिघडतं, उन्हात कातडी कशी फाटते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

औषधाने गुण येतोय हे कसं कळणार? किती दिवस द्यायचं?

एकाच वेळी तीन-चार गोष्टी सुरू केल्या तर काहीच कळणार नाही. एक सुरू करा, तारीख वहीत लिहा आणि दोन ते चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. उलटी, जुलाब किंवा खाण्याची टाळाटाळ सुरू झाली तर ते औषध आधी थांबवा.

एसजीपीटी उतरलं की लोक पेढे घेऊन येतात. बहुतेक वेळा आनंद खरा असतो. पण जुन्या, आक्रसलेल्या लिव्हरमध्ये आकडा उतरतो तो एन्झाइम सांडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणूनही. म्हणून मी सोबत अल्ब्युमिन, बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा वेळ आणि गरज पडली तर जेवणापूर्वीचे व नंतरचे पित्ताम्ल बघते. आणि वजन. वजनकाटा फसवत नाही, फक्त पोटात पाणी नाही ना याची खात्री करून घ्यावी लागते.

बायोप्सी किंवा ऑपरेशन ठरलंय. औषध चालू ठेवू?

झाडपाल्याची औषधं साधारण दोन आठवडे आधी बंद करा. लसूण, हळद यांच्या अर्कांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो, आणि आजारी लिव्हर तसंही गोठवणारी द्रव्यं कमीच बनवतं. फिट्सचं, हृदयाचं, स्टेरॉइडचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

आम्ही घरचं काही देतोय हे डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो.

सांगा. कोणी रागावलं तरी सांगा. मोतीच्या काकूंनी डबा सोबत आणला नसता, तर त्याच्या उलटीतला हिरवा रंग कशाचा, हे शोधण्यात माझा आणखी वेळ गेला असता. बाटली असेल तर बाटली आणा, लेबलचा फोटो नको, त्यात घटकांची बाजू नेमकी सुटते. पुडी असेल तर पुडी आणा. ताजी पानं देत असाल तर एक रोपटं मुळासकट पिशवीत घालून आणा, म्हणजे ती खरंच भुईआवळी आहे का, हे आधी बघता येईल.